धक्का देणारा हात

पडदा वर जातो. डावीकडे छताला टांगलेली सायकलची चाकं, उजवीकडे तेलकट फडक्यांचा ढीग, मधोमध एक बुटकं स्टूल आणि त्यावर पाठमोरा बसलेला माणूस. तो समोरच्या चाकाचं आउट काढतो आहे. चाक बोटाने फिरवायचं, डोळा बारीक करून बघायचं, एखाद्या स्पोकला जरासा पीळ द्यायचा आणि पुन्हा फिरवायचं. आयुष्य रंगमंचावर गेलं माझं, पण इतका नेटका प्रवेश मी क्वचितच पाहिला. हे आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरचं दुकान, आणि तो माणूस म्हणजे मामा.

दुकान नंतर आलं. त्याआधी मामा एका व्यावसायिक सायकल संघाचे मेकॅनिक होते. त्यांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा त्याच संघात आला, भर शर्यतीत ‘मामा, चाक’, ‘मामा, पाणी’ असं ओरडू लागला, आणि बघता बघता मॅनेजरपासून बसच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांचेच ते मामा झाले. पोराला सायकलचं वेड त्यांनीच लावलेलं. ताईंना ते मुळीच पसंत नव्हतं. त्याला काही झालं तर तुझं तोंड बघणार नाही, असं त्यांनी धाकट्या भावाला बजावलं होतं. मामांनी ते हसण्यावारी नेलं.

शर्यतीत मेकॅनिक मागच्या मोटारीत बसतो. आपला गडी पडला की गाडी पुरती थांबायच्या आत उडी मारायची, त्याला उभा करायचा, दुसरी सायकल मांडीखाली द्यायची आणि कमरेपाशी हात लावून पळत पळत जोराचा धक्का द्यायचा. पडलेला माणूस विचार करू लागायच्या आत शर्यतीत परत गेला पाहिजे. मामांचा धक्का नावाजलेला होता. दुसऱ्या संघांची पोरं म्हणायची, मामांनी ढकललं की अर्धा चढ फुकटात.

मग नियम बदलला. दर वर्षी संघाला शर्यतींचा परवाना घ्यावा लागतो. आता परवाना हवा तर संघात एक सुरक्षा अधिकारी हवा, असं ठरलं. डोक्यावर आपटलेल्या खेळाडूला पुन्हा सायकलवर बसू द्यायचं की नाही, हे त्याने ठरवायचं. मॅनेजरनेही मध्ये पडायचं नाही. मॅनेजरने वेगळा माणूस कशाला ठेवावा? त्याने मामांच्याच दंडाला पिवळा पट्टा बांधला आणि त्यांना एका दिवसाच्या वर्गाला धाडलं. पडलेल्याला आधी खाली बसवायचं, उठू द्यायचं नाही, आज वार कुठला ते विचारायचं, शर्यत कुठली ते विचारायचं. उत्तर अडखळलं की त्याची शर्यत तिथेच संपली.

मामा मला जिन्यात गाठून म्हणाले, की आता मलाही तुमच्यासारखे संवाद मिळालेत. मग काय, तालीम! मी पायरीवर निपचित पडलो, त्यांनी प्रश्न विचारले, आणि मी वार मुद्दाम चुकीचा सांगितला. मामांच्या बायको, आमच्या वहिनी, दारात उभ्या राहून पोट धरून हसत होत्या.

मामांनी मात्र त्या पट्ट्याचा मान राखला. पहिल्याच बैठकीत त्यांनी तडे गेलेली हेल्मेटं टेबलावर ओळीने मांडली आणि नवी मागितली.

“मामा,” मॅनेजर म्हणाला, “पट्टा परवान्यापुरता आहे. तो दंडावर राहू द्या, डोक्यात जाऊ देऊ नका.”

सगळे हसले. भाचाही हसला. त्याला हसायला निमित्त लागायचंच नाही. एकदा काटेरी झुडपात पडला, तर ओरबाडलेल्या तोंडाने म्हणाला होता, “मामा, जागा मोक्याची आहे, इथेच दुकान टाकू.”

तो डोंगरमाथ्यावर पडला त्या दिवशी मामांना हेच आठवलं. हेल्मेट कठड्याच्या दगडावर आपटलं होतं. मामा धावत पोचले तोवर तो आपणहून उभा राहिला होता.

“मामा,” त्याने विचारलं, “आपण चढतोय की उतरतोय?”

मामांना तो विनोद वाटला. ते हसले. मागे गाडीतून मॅनेजर ओरडत होता, “ढकला, मामा, ढकला.” आणि हाताने जन्मभर जे केलं तेच केलं. त्याच दंडावर पिवळा पट्टा होता. पुढच्या वळणावर भाचा वळलाच नाही.

तो वाचला. पण बोलता बोलता त्याचा शब्द हरवतो, आणि उतार दिसला की डोळ्यांपुढे अंधारी येते. ताईंनी आपलं म्हणणं खरं केलं. रुग्णालयाच्या व्हरांड्यात भाऊ समोर आला की त्या भिंतीकडे तोंड फिरवायच्या.

संघाच्या परवान्याची चौकशी लागली. आदल्या संध्याकाळी मॅनेजर मामांच्या घरी आला, तोंडात साखर घोळवत. परवाना गेला तर संघ बुडेल, आणि पोराचे उपचार संघाकडून चाललेत हे लक्षात असू द्या, एवढंच तो बोलला. वहिनींनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. एरवी त्या शत्रूलाही उपाशी जाऊ देणार नाहीत.

चौकशीला वहिनींच्या सांगण्यावरून मीही गेलो. लांब टेबल, पाण्याचे जग, खोकणारी मंडळी. पुन्हा सायकलवर बसवायचा निर्णय कोणाचा, असं विचारलं गेलं. मामा उभे राहिले. “माझा,” ते म्हणाले. “मला कोणी काही सांगितलं नाही.” दुसऱ्याने लिहिलेलं वाक्य कसं म्हटलं जातं, ते मला कळतं. मॅनेजर पुढच्या रांगेत मान खाली घालून बसला होता. दुःखाचा अभिनय बरा होता. माझ्या दिग्दर्शकाने त्याला ठेवून घेतलं असतं.

संघाला परवाना मिळाला, कारण चूक एकट्या माणसाची ठरली. मामांना शर्यतीच्या रस्त्यावर पाऊल ठेवायला बंदी झाली. हंगाम संपताच संघाने भाच्याला निरोप दिला, आणि त्याबरोबर उपचारही थांबले. पिवळा पट्टा आता मॅनेजरच्या मेहुण्याच्या दंडावर आहे.

मी मामांवर चिडलो. त्या लबाडाला का वाचवलंत, म्हटलं. चाकावरून नजर न काढता ते म्हणाले, “वाचवायचं होतं पोराला. आणि हात माझाच होता ना?”

पोराला काही वाचवता आलं नाही. तो रोज दुकानात येऊन बसे, पाने पुसून ठेवी, कुठला पाना कुठे ठेवला ते विसरे. ताई त्याला कोपऱ्यापर्यंत सोडून परत जायच्या. दुकानाची पायरी त्या कधी चढल्या नाहीत.

यंदा मामांच्या छातीने दगा दिला. शेवटच्या दुपारी मी त्यांच्या खाटेपाशी होतो. भाचा आला, स्टुलाच्या पायाला अडखळला आणि फरशीवर आपटला. लगेच हसत हसत उठायला लागला. मामांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला, खाटेवरून उजवा हात खाली सोडला आणि त्याचा खांदा दाबून धरला. त्यांचं शेवटचं बोलणं एवढंच:

“थांब. उठू नकोस. आज वार कुठला, सांग आधी.”