गुडघ्यावर बसता येणारा पाय

आमच्या केंद्रात पाहुणे आले की मला मांडी घालून बसावं लागतं. होसकोट्याला औद्योगिक वसाहतीत कृत्रिम पाय बनवायची आमची कार्यशाळा आहे, आणि नव्या पायावर चालायला शिकवणं हे माझं काम. माझा स्वतःचाही डावा पाय गुडघ्याखाली रबराचा आहे. कॉलेजात असताना बसमधून उतरताना घसरले, पाय चाकाखाली गेला. आता त्याचं मला काही वाटत नाही. कोणी उगाच चेहरा पाडून "अरेरे" केलं तर मात्र डोकं फिरतं.

तर पाहुणे आले की अण्णा, म्हणजे आमचे प्रमुख, मला हाक मारतात. सतरंजी अंथरली जाते. मी साडी सावरत आधी उकिडवी बसते, मग मांडी घालते, आणि मंडळी टाळ्या वाजवतात. कारण बाहेरचे महागडे पाय खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी केलेले असतात. आमचं रबराचं पाऊल घोट्यात वर दुमडतं, आडवंही वळतं. पंगतीला बसा, तुळशीपाशी रांगोळी काढा, काही अडत नाही. या पायाचा मला भारी तोरा होता.

आपल्या सरकारची एक योजना आहे. दुसऱ्या देशांतल्या तंत्रज्ञांना इथे बोलवायचं, राहण्याजेवणाची सोय करायची आणि हे पाय बनवायला फुकट शिकवायचं. त्याचा फलक आमच्या दारात लावलाय. सर्वसमावेशक, शाश्वत, जागतिक, भागीदारी... वाचेपर्यंत हातातली कॉफी गार होते. मी त्या फलकाची थट्टा करते, पण योजना मला मनापासून आवडते. आपल्याला एक गोष्ट बरी जमली, तर ती कुलूपबंद न ठेवता वाटायची, आणि वाटायची ती अशी की पुढे आपल्यावाचून त्यांचं अडू नये. आमचा पाय फाटला तर गावातला चांभार शिवतो, नाहीतर पंक्चरवाला चिकटवतो. देशानं आधी कशाला महत्त्व द्यावं हे सांगणारी मी कोण, पण मला विचारलं तर मी हेच सांगेन.

गेल्या वर्षी त्या योजनेत युगांडाहून एक मुलगी आली. उंच, शांत, हात सतत कामात. मल्लेश्वरमला आमच्या घराची वरची खोली रिकामी होती, तिथे ती राहिली. सकाळी आम्ही दोघी मेट्रोनं निघायचो, पुढे बसनं होसकोटे. सगळे मला अक्का म्हणतात म्हणून तीही अक्का म्हणायला लागली. पहिल्याच दिवशी ताटाकडे बोट दाखवून ती म्हणाली, "चपाती!" तिच्या देशातही तोच शब्द आहे म्हणे. माझ्या सासूबाई खूश. "आपल्याच माणसांनी नेली असणार," असा त्यांनी निकाल देऊन टाकला आणि तिला आणखी एक वाढली.

माझी मांडी बघायला तीही बसली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हिनं नाही. मी उठल्यावर ती म्हणाली, "अक्का, आता गुडघ्यावर बसून दाखवाल?"

आमचं बोलणं दोघींच्याही मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालायचं. मला वाटलं, माझीच ऐकण्यात चूक झाली. तर तिनं स्वतःच करून दाखवलं. सतरंजीवर दोन्ही गुडघे टेकले, पावलं मागे सपाट सोडली आणि टाचांवर बसली.

त्यात काय एवढं, म्हणून मी टेकायला गेले. पण आमचं पाऊल वर दुमडतं, मागे सरळ होतच नाही. त्याचा चवडा सतरंजीत रुतला. उरलेला पाय ज्या प्लास्टिकच्या खोळीत बसतो, तिची कड गुडघ्याच्या वाटीखाली अशी घुसली की डोळ्यांसमोर काजवे चमकले, आणि मी कुशीवर आपटले. सगळे धावले. मला लागलं नव्हतं, लाज मात्र सडकून वाटली, आणि लाज वाटली की मी चिडते. "आमच्यात नाही कोणी असं गुडघे टेकत!" मी ओरडलेच. "तुला पाय बनवायला शिकायचंय की माझी फजिती करायचीय?"

ती "सॉरी अक्का" म्हणाली आणि तिनं मला हात देऊन उठवलं.

त्या रात्री घरी जेवणं झाल्यावर ती वर गेली आणि शालीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन खाली आली. लोणच्याच्या बरणीशेजारी टेबलावर तिनं ते ठेवलं, शाल उलगडली. प्लास्टरचा साचा होता, गुडघ्याखाली संपणाऱ्या एका बारीक पायाचा.

"ही माझी बहीण," ती म्हणाली.

धाकटी बहीण. तिकडे मोटरसायकलच्या टॅक्सी असतात, तसल्या एकीवरून जाताना तिला ट्रकनं उडवलं. पायही डावाच. आता तिचं लग्न ठरलं होतं. त्यांच्यात लग्नाआधी मुलाकडची मंडळी मुलीच्या अंगणात येतात, आणि सगळ्यांदेखत नवरी चटईवर गुडघे टेकून वडीलधाऱ्यांचं स्वागत करते. एरवीही मोठ्यांशी बोलताना बायका गुडघ्यावरच बसतात, आपण वाकून पाया पडतो तसं. मुलाकडचे भले लोक होते, खुर्चीवर बसून केलं तरी चालेल म्हणाले. बहीण ऐकेना. खुर्ची दिसली तर मी घराबाहेर येणार नाही, लग्नही नको, असं तिनं बजावलं होतं. सगळं वऱ्हाड आधी तो पायच बघणार, तर मग त्यांना तो टेकलेलाच बघू दे. म्हणून ही पोर आपला अर्ज भरून, साचा कपड्यांत गुंडाळून इतक्या लांब आली होती.

मी सासूबाईंना मराठीत सगळं सांगितलं. त्या साच्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "तूही लग्नात सगळे नमस्कार उभ्यानंच केलेस. माझ्या जावेनं मांडवात नाक मुरडलं होतं. मी म्हटलं, पोहोचला गं नमस्कार, वाकू नकोस."

आणि मला एकदम आठवलं. आमच्यात कोणी गुडघे टेकत नाही म्हणे! देवापुढे, सासूसासऱ्यांपुढे आमच्या सगळ्या बायका गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून नमस्कार करतात. टेकत नव्हते ती एकटी मी. लग्नापासून कमरेत वाकून भागवत आले आणि पुढे ते विसरूनही गेले. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून पुन्हा राग आला.

"उद्या अण्णांना सांगू," मी तिला म्हटलं. "बघतेच कसं होत नाही ते."

अण्णाही आमच्यासारखेच मराठी घरातले, पण बोलणं अर्धं कन्नड. सगळं ऐकून त्यांनी डोकं खाजवलं. इतकी वर्षं एकच साचा, त्यातूनच सगळी पावलं निघतात. त्यांनी नाही म्हटलं असतं तरी त्यांचं चुकलं नसतं. पण ते म्हणाले, "साचा काय देवानं दिलाय? करू या स्वल्प काहीतरी." मला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं, तेवढं जमत असतं तर.

त्या मुलीचं काम बघत राहावं असं होतं. रबराचे थर कापायचे, एकावर एक रचायचे, साच्यात घालून भाजायचे. पाऊल मागे सरळ व्हायचं तर टाचेकडचा आतला स्पंज मऊ हवा, म्हणून तिनं तो वाढवला. मी ते पाऊल घालून चालले, तर मोठ्या मापाची चप्पल घातल्यासारखं फटाक फटाक वाजायला लागलं. अख्खी कार्यशाळा हसली, मीही हसले. मग तिनं स्पंज कमी केला, तर घोट्यापुढचं रबर ताणून फाटलं. ती हिरमुसली नाही की चिडली नाही. फाटलेलं पाऊल उलटंपालटं करून बघायची आणि पुन्हा कातर हातात घ्यायची. मी तिच्या जागी असते तर ते पाऊल रस्त्यावर भिरकावलं असतं. शेवटी अण्णांनी पुढच्या बाजूला टायरमधला चिवट दोरा आडवा घालून दिला आणि तिनं खोळीची पुढची कड घासून आत मऊ अस्तर लावलं. त्या पावलावर मी चालले, आवाज नाही. सतरंजीवर टेकले, दुखलं नाही.

ते पाऊल घालूनच मी घरी गेले. सासूबाई हॉलमध्ये खुर्चीवर बसल्या होत्या. मी काही न बोलता त्यांच्यासमोर गुडघे टेकले आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. अगदी नव्या सुनेसारखं. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला.

मग त्या म्हणाल्या, "आता उठतेस, की तिथेच जेवायला वाढू?"

अय्यो! मला उठताच येईना. बसायच्या नादात उठायचा विचार कोणीच केला नव्हता. त्या मुलीनं काखेत हात घालून मला उभं केलं आणि आम्ही तिघी हसत सुटलो. हसू ओसरल्यावर तिचा चेहरा उतरला. सगळ्या पाहुण्यांसमोर बहिणीला असं कोणी धरून उठवायचं? त्यापेक्षा खुर्ची बरी.

"ते माझ्याकडे लागलं," मी म्हटलं. रबर तिचं, पण उठणं-चालणं माझं खातं. रोज कार्यशाळेत मी सतरंजीवर टेकायची आणि नाना प्रकारे उठून बघायची. जमलं ते असं: धड असलेला पाय पुढे घ्यायचा, तळवा पक्का रोवायचा, दोन्ही हात त्या मांडीवर, अंग पुढे झोकायचं आणि रबराचा पाय मागून ओढून घ्यायचा. मग, बहिणीला पुढे तीच शिकवणार म्हणून, मी तिच्या डाव्या पायाला फळी बांधली, घोटा हलू नये म्हणून, आणि तिच्याकडून तेच करून घेतलं. माझे पेशंट कन्नड, तमिळ, हिंदी, काय वाटेल ते बोलणारे असतात, त्यामुळे शिकवताना माझे दोनच शब्द. अंग पुढे घेताना "स्वल्प, स्वल्प", म्हणजे थोडं, अजून थोडं. आणि माणूस ताठ उभा राहिला की "सरी!", झालं, जमलं. ती पडली, धडपडली, गुडघे सोलून घेतले, पण "सरी" ऐकल्याशिवाय फळी सोडायची नाही.

तिच्या निरोपाच्या समारंभाला दिल्लीहून एक अधिकारी आले होते. मी मांडी घातली, त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि घड्याळ बघितलं. अण्णा म्हणाले, "सर, अजून एक आहे." मी गुडघ्यावर बसले, आणि माझी मी उठले. अधिकाऱ्यांनी विचारलं, "छान आहे, पण याची गरज अशी किती लोकांना असणार?"

माझ्यानं राहवलं नाही. "साहेब, मांडी घालायची गरज तरी पाय बनवणाऱ्या गोऱ्या लोकांना कुठे होती?"

अण्णांनी कपाळाला हात लावला. पण साहेब दिलदार निघाले. खो खो हसले, ते पाऊल हातात घेऊन वाकवून बघितलं आणि नवा साचा अभ्यासक्रमात घ्यायला सांगितला. नुसतं बोलले नाहीत, पुढची तुकडी यायच्या आत मंजुरीही आली. त्या दिवसापासून मी फलकाची थट्टा जरा कमी केली आहे.

बहिणीच्या मापाचं पाऊल घेऊन ती गेल्यावर वरची खोली ओकीबोकी वाटायची. अंगणातल्या त्या सोहळ्याचा दिवस जवळ आला तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. पाऊल फाटलं तर? बहिणीचा तोल गेला तर? सासूबाई रोज विचारायच्या, "आलं का काही?"

एका रविवारी दुपारी फोनवर व्हिडिओ आला. आम्ही दोघी सोफ्यावर बसून बघायला लागलो. अंगणात मांडव, ढोल, चकचकीत कपड्यांतली माणसं. टोकदार खांद्यांचा रेशमी झगा घातलेली नवरी आली. बारीक, बहिणीसारखीच उंच. चालण्यात कुठेही लंगडणं नाही. चटईवर आली आणि तिनं हळूच दोन्ही गुडघे टेकले. समोरची म्हातारी माणसं काहीतरी म्हणाली, तिनं मान लववून उत्तर दिलं. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला.

मग उठायची वेळ आली. तिनं उजवा पाय पुढे घेतला, मांडीवर हात ठेवले. अंग पुढे झोकलं आणि जरा डगमगली. ढोल थांबले. दोन बायका धरायला पुढे सरकल्या, तिनं मान हलवून त्यांना थांबवलं. आणि त्या परक्या अंगणातल्या शांततेत फोनच्या अगदी जवळून ओळखीचा आवाज आला.

"स्वल्प... स्वल्प..."

नवरी उठत होती. ती ताठ उभी राहिली, आणि इकडे मी आणि तिकडे फोन धरलेली तिची बहीण, दोघी एकदमच ओरडलो, "सरी!"

सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले, चष्मा पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "पहिल्यापासून लाव गं."