आकड्यांवरची पेटी

ईश्वरदास एकोणचाळिसाव्या वर्षी पेटी शिकायला बसला. बायको अनुसयाबाईनं त्याला एवढंच विचारलं, "आता कायले?"

"आता नाही तं कवा?" तो म्हणाला. ही १९९९ सालची गोष्ट.

आमचं गाव अर्जुनी मोरगावच्या पलीकडे. इटियाडोह धरणाचं पाणी आमच्यापर्यंत येत नाही. धान पिकतो तो गावच्या जुन्या तलावावर. त्या तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडायचं आणि लावायचं काम ईश्वरदासाकडे होतं. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कोणत्या दिवशी किती वेळ पाणी जायचं, ती पाळी पाणीसमिती ठरवायची. मी समितीचा सचिव, पाळी कागदावर उतरवायचो. प्रत्यक्ष पाण्याच्या नहरावर उभा राहायचा तो ईश्वरदास. माणूस सरळ. वीस वर्षांत त्याच्याबद्दल एक तक्रार आली नव्हती.

भजन मंडळात तो झांजा वाजवायचा. पेटीवर शालीकराम मास्तर. वयानं दहा वर्षांनी मोठे, हात गोड, गावात मान. एका एकादशीला भजन संपल्यावर ईश्वरदासानं भीत भीत विचारलं, "मास्तर, मले शिकवता का?" मास्तर हसले आणि हो म्हणाले. त्या दिवशी ईश्वरदास घरी पोचेपर्यंत रस्त्यात भेटेल त्याला हे सांगत गेला. मलाही सांगितलं.

गोंदियाच्या बाजारातून त्यानं एक जुनी पेटी आणली. मास्तरांनी जुन्या कॅलेंडरचे आकडे कापले आणि कणकेच्या खळीनं एकेका स्वरपट्टीवर चिकटवले. मग वहीत पहिलं भजन लिहून दिलं: आठ, दहा, बारा, बारा, दहा. आकडा बघायचा, बोट ठेवायचं. पंधरा दिवसांत त्या बारक्या पेटीतून ओळखीची चाल निघाली तेव्हा ईश्वरदासाच्या डोळ्यांत पाणी आलं. अनुसयाबाईनं ते पाहिलं.

तुडूम उघडलं की पाणी टोकापर्यंत जायला दोन-अडीच तास लागत. तेवढा वेळ तो तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, छपरीत पेटी घेऊन बसायचा. रोवणीच्या दिवसांत चिखलानं बोटं फुगायची, भेगा पडायच्या, तरी चुकला नाही. वर्षाला दहा-बारा भजनं व्हायची. वह्या भरत गेल्या. पुढे पुढे आकडे बघायचीही गरज उरली नाही, डोळे मिटून वाजवायचा. आम्ही वा म्हणायचो. मीही म्हणायचो.

एकदा त्यानं मास्तरांना विचारलं, "हे सा रे ग म काय असते?"

"ते लहानपनी शिकाचं," मास्तर म्हणाले. "तुह्या वयात नाही जमत. तू आकड्यानं जाऊन राहिला ना? जाय मंग."

त्यानं पुन्हा विचारलं नाही.

मास्तरांची बांधी नहराच्या अगदी टोकाला होती. पाऊस कमी झाला की टोकाला पाणी कसंबसं पोचायचं. शिकायला लागल्याच्या दुसऱ्याच वर्षी ईश्वरदासानं मास्तरांची पाळी आपल्या मनानं लांबवली. आधी एक तास, मग दोन. गुरूच्या बांधीत पाणी नाही आणि आपण तुडमावर बसलोय, हे त्याला बघवेना. ते तास कापले जात शेजारच्या मंदाबाईच्या पाळीतून. ती एकटी बाई, तिची शेती दीड एकर. हे सात वर्षं चाललं, आणि आम्हा समितीवाल्यांच्या लक्षात आलं नाही.

२००७ च्या कार्तिकात सौंदडचं बायकांचं भजन मंडळ आमच्या गावी आलं. त्यांची पेटीवाली तापानं आली नव्हती, आणि शालीकराम मास्तर नेमके लग्नाला गेले होते. "ईश्वरदास हाय ना," सगळे म्हणाले. तो धुतलेला सदरा घालून पेटीमागं बसला. मंडळाची मुख्य गाणारी ओमेश्वरी, सौंदडच्या शाळेत शिकवणारी, तिशीच्या आतली. ती म्हणाली, "काका, पांढरी पाचचा सा द्या." पाचवी पांढरी पट्टी सा धरून वाजवायचं, असा त्याचा अर्थ.

ईश्वरदासानं पट्ट्यांवरच्या आकड्यांवर नजर फिरवली. मग हळूच म्हणाला, "नंबर कोनता?"

मागं कोणीतरी हसलं. ओमेश्वरी हसली नाही. त्यानं आठव्या आकड्यापासून नेहमीचं भजन सुरू केलं, पण तिचा आवाज तिथं बसेना. तिच्या सुराला जायचं तर त्याची बोटं जागच्या जागी अडकली. आठ वर्षांत पाठ केलेलं एकही भजन कामाला आलं नाही. शेवटी नुसत्या टाळांवर भजन झालं.

नंतर चहा घेताना ओमेश्वरीनं विचारलं, "कोणी शिकवलं तुम्हाला?"

"शालीकराम मास्तरांनी."

ती गोंधळली. "त्यांनीच माझ्या भावाला शिकवलं. दीड वर्षात तो कोणत्याही सुरात वाजवायला लागला. आणि तुमचा अंगठा तर पेटीला लागतच नाही. मास्तर काही बोलले नाहीत?"

दोन दिवसांनी मास्तर परतले. ईश्वरदास त्यांच्या अंगणात गेला. मास्तर धान वाळवत होते.

"तुमी मले सूर काऊन नाही शिकवले?"

मास्तरांनी पायानं धान पसरवला. मग म्हणाले, "शिकला असता तं तुहं येनं बंद झालं असतं."

"मंग?"

"माही बांधी टोकाले हाय, ईश्वर."

तो तिथून थेट माझ्याकडे आला. मला म्हणाला, राग नव्हता आला; आपण आठ वर्षं ज्याला शिकणं म्हणत होतो ते काय होतं, तेच कळेना.

त्याच आठवड्यात समितीची बैठक शाळेच्या व्हरांड्यात होती. ईश्वरदास स्वतःहून उभा राहिला आणि कोणाचं किती पाणी कोणाला दिलं, ते सगळं सांगितलं. लोक मास्तरांकडे वळले.

मास्तर शांतपणे म्हणाले, "मी कवा पानी मांगतलं का? इचारा त्याले."

ईश्वरदास म्हणाला, "नाही मांगतलं." ते खरंच होतं. मी तेही लिहून घेतलं.

मंदाबाई कोपऱ्यात बसली होती. "सात वर्सं मी तलावाले बोल लावून राहिली होती," एवढंच बोलली आणि उठून गेली. ईश्वरदासाचं काम गेलं. त्यानं तुडमाची किल्ली माझ्या हातात दिली. मास्तरांना कोणी काही म्हटलं नाही. पुढच्या एकादशीला तेच पेटीवर होते.

तीन महिने ईश्वरदासानं पेटीला हात लावला नाही. मग एका रविवारी पॅसेंजरनं सौंदडला गेला आणि ओमेश्वरीच्या दारात उभा राहिला. तिनं पहिल्या दिवशी पेटी उघडूच दिली नाही. "आधी तोंडानं म्हणा, मग बोट ठेवा." घसा फाटायचा, सा लागला तर रे घसरायचा. त्याहून वाईट बोटं. नवीन काही वाजवायला गेलं की ती आपोआप जुन्या जागांवर धावायची, आणि अंगठा आखडून बाजूला राहायचा. नवखा असता तर वर्षात शिकला असता, असं ओमेश्वरी मला म्हणाली. त्याला आधीचं उतरवायलाच दोन वर्षं गेली. २०११ उजाडलं तेव्हा कुठं तो तिच्या कोणत्याही सुराला पेटीची साथ द्यायला लागला.

गावच्या मंडळात मात्र तो परत गेला नाही, झांजांनाही नाही. तलावाच्या पाळीवर मास्तर समोरून आले तर दोघंही चालत राहतात.

त्या वर्षी एका रविवारी मीही सौंदडला होतो. एक अवघड चाल त्यानं न चुकता वाजवली. ओमेश्वरी म्हणाली, "काका, छान झालं आज."

त्यानं भाता थांबवला. "खरं सांगून राहिल्या का?"

"खरंच. किती वेळा विचारता?"

"राग नका मानू," तो म्हणाला. "एक खेप दुसऱ्या सा-वरून म्हना. मले पाहू द्या."

तिनं सुस्कारा सोडला आणि सा बदलून पुन्हा म्हणायला घेतलं.