गुडघाभर चुना

अक्का, रहिमतपूरच्या स्टेशनावर तू गाडीबरोबर धावलीस आणि मी खिडकीतून हसत राहिले, हे तुला अजून लागतं म्हणे. अगं, वर्षाच्या आत परत येणार याची मला खात्रीच होती. लढाई संपून हे घरी आले, तेव्हा पलटणीतल्या साहेबानं कुलूच्या डोंगरातली आपली सफरचंदाची बाग सांभाळायला यांना बोलावलं. मी अडून बसले. तेव्हा यांनी शब्द दिला, "एक थंडी बगू. झाडं जगली तर ऱ्हायाचं, न्हाईतर गाव हायच की."

इथं बोलायला कुणी नव्हतं. आसपासची माणसं पहाडी बोलत, मी आपली मराठी. मीठसुद्धा हातवारे करून मागायचे. संध्याकाळी पलीकडच्या घरांतून धूर निघाला की आपल्या हुरड्याची आगटी आठवायची आणि ताटातली भाकरी तशीच राहायची. एवढी एकटी मी कधीच नव्हते.

बर्फाआधी खोडांना चुना लावा, असं साहेबानं बजावलं होतं. यांनी गावाकडं वाळवीसाठी लावतात तसा गुडघाभर लावला, तोही पलटणीच्या शिस्तीत, एका रेषेत. पण हा चुना वाळवीसाठी नव्हताच. थंडीत दुपारचं ऊन खोड तापवतं, ऊन उतरताच गारठा ते एकदम आवळतो, आणि साल फाटते. पांढऱ्या खोडाला ऊन कमी लागतं, म्हणून चुना पार फांद्यांपर्यंत हवा. हे साहेबानं पुढं समजावलं. तोवर पौषात चुन्याच्या वरच साली उभ्या तडकल्या होत्या.

हे तेव्हा सामानासाठी खाली बाजाराला गेलेले, आणि मागं वाट बर्फानं बंद. मी एकटीच ओळींमधून हिंडले. मावळतीच्या अंगाला झाडामागून झाड फाटलेलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. झाडं मरणार आणि मी घरी जाणार. त्यासाठी मला काही करायचंही नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं.

बसलेही. पण डाळिंबाच्या जखमेला शेणमाती लावताना आई म्हणायची ते डोक्यातून जाईना, "पोरी, झाडाला वरडता येत न्हाई. त्याचं दुखणं आपुन बगायचं." शेवटी विळा घेऊन उठले. सुटलेली साल हिरव्या, जित्या कडेपर्यंत कापली, कोमट पाण्यात शेणमाती कालवून लिंपली, वरून गोणपाट बांधलं. गोणपाट संपलं, तेव्हा गावी जाताना नेसायला ठेवलेलं लुगडं फाडलं. फाडताना झाडांना शिव्याही दिल्या, चांगल्या आपल्याकडच्या.

चैत्रात फांद्यांना डोळे फुटले. हे बागेत जाऊन आले आणि म्हणाले, "जगली की गं." मी व्हय म्हटलं आणि चुलीकडं वळले. माझं गाव मी माझ्याच हातानं घालवलं होतं.

त्यालाही आता काही थंड्या झाल्या. साहेब विलायतेला गेला, बागेला नवा मालक आला, आम्ही आहोत तिथंच आहोत. घर कुठलं म्हणून विचारलं तर मी अजून रहिमतपूरच सांगते. परवा हे आपण होऊन म्हणाले, "दिवाळीला जाऊन ये. अक्का वाट बगत आसंल." या एका वाक्यासाठी मी इतके दिवस झुरत होते. आणि माझ्या तोंडून निघालं, "मग चुना कोण लावंल?"

तुझी शपथ अक्का, बोलून गेल्यावर माझंच मला रडू आलं.