बाबांच्या शर्यतीचं शूटिंग

आमच्या घरात कॉम्प्युटरमधलं सगळं मलाच कळतं, असा एक समज होता. तो मीच पसरवला होता.

चंद्रपूरला जाऊन मी तीन महिन्यांचा कोर्स केला होता आणि त्याचं प्रमाणपत्र बैठकीत, देवाच्या फोटोपेक्षा वीतभर उंच टांगलं होतं. त्यामुळे बल्लारपुरातल्या आमच्या गल्लीत कुणाच्या मोबाईलची रिंग वाजेनाशी झाली की तो माणूस माझ्याकडे. टीव्हीवर मुंग्या दिसल्या की माझ्याकडे. एका काकूंनी तर मिक्सर आणला होता! (मी तो उघडला. परत लावताना चार स्क्रू उरले. तेव्हापासून काकू आमच्याकडे येत नाहीत.)

त्याच वर्षी बाबा कागद कारखान्यातून रिटायर झाले. सकाळचा भोंगा वाजला की ते सवयीने उठायचे, चपला घालायचे आणि दारात गेल्यावर आठवायचं, की आता कुठेच जायचं नाही. मग तसेच उभे राहायचे. आईला ते बघवेना. "पिंट्या, तुह्या त्या डब्ब्यात बाबांच्या जीवाले लागंन असं काई नाई का रे?" ती म्हणाली. (वय वर्षं बत्तीस, एका मुलीचा बाप, तरी घरात मी पिंट्याच.)

मी बाबांना कार रेसचा गेम लावून दिला. पहिल्या दिवशी त्यांची गाडी समुद्रात गेली. दुसऱ्या दिवशीही समुद्रातच गेली, फक्त दुसऱ्या जागेवरून. तिसऱ्या दिवशी बाबा खुर्चीतून उठले, "म्हाताऱ्याचं काम नाई हे," म्हणाले आणि पुन्हा दारात जाऊन उभे राहिले.

मग मी एक गोष्ट केली. चौथ्या दिवशी बाबा आंघोळीला गेले असताना गेम गुपचूप सगळ्यात सोप्या लेव्हलवर टाकला. या लेव्हलवर बाकीच्या गाड्या अशा चालायच्या, जणू वऱ्हाड घेऊन निघाल्यात आणि नवरदेव मागे राहिलाय. बाबा दोनदा झाडावर आदळले, एकदा उलट्या दिशेने गेले आणि पहिले आले!

त्या दिवशी त्यांनी पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले.

भानगड सुरू झाली ती सत्तारभाऊंमुळे. सत्तारभाऊ म्हणजे बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. बसस्टँडच्या रस्त्याला त्यांचं टेलरिंगचं दुकान. रोज चार वाजता गळ्यात टेप तसाच ठेवून ते चहाला यायचे. बाबांनी पहिल्या नंबरची बातमी सांगितली, तर ते इतके हसले की टेप चहात बुडाला.

"पैला नंबर? वामनभाऊ, तुम्ही उभ्या सायकलवरून पडता जी!"

"तं पाहून घे ना बैठून!" बाबा भडकले आणि खेळायला बसले. पण सत्तारभाऊ मागे उभे म्हटल्यावर ते स्क्रीन सोडून मागेच बघायला लागले. गाडी जागेवरच गोल गोल फिरली आणि सरळ पाण्यात.

"देखे बिना मी मानत नाई," सत्तारभाऊ म्हणाले आणि गेले.

रात्री बाबांनी जेवण उरकलं. मग म्हणाले, "पिंट्या, क्रिकेटची मॅच टीव्हीवर परत दाखवतेत ना? तसं माह्या शर्यतीचं शूटिंग पायजे. येते का तुले?"

घरचे सगळे माझ्याकडे बघत होते. मागे प्रमाणपत्र होतं. मी म्हणालो, "हे काय, चुटकीसरशी!"

स्क्रीनवर चाललेला गेम रेकॉर्ड करायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं, हे मला तोवर माहीतही नव्हतं. चंद्रपूरच्या कोर्सवाल्या सरांकडे गेलो. त्यांनी एका सीडीत चार वेगवेगळी सॉफ्टवेअर भरून दिली. "कोणतं चांगलं, सर?" मी विचारलं. "पाहून घेजो. एखादं तं चालूनच जाईन," ते म्हणाले. (लग्नाच्या वेळी मामांनी मला हेच सांगितलं होतं.)

पहिलं सॉफ्टवेअर लावलं. बाबा जीव तोडून खेळले, पहिले आले. रेकॉर्डिंग उघडलं, तर तीन मिनिटं पूर्ण काळोख आणि त्यात एक माउसचा बाण!

"माही गाडी कुठी आहे?" बाबांनी विचारलं.

"बोगद्यात असंन," आई म्हणाली.

दुसरं सॉफ्टवेअर चित्र घ्यायचं, पण आमचा कॉम्प्युटर त्याच्या ओझ्याने पार वाकला. गाडी बेडकासारख्या उड्या मारू लागली. "इंजिनात कचरा आला बे!" बाबा ओरडले. शर्यत संपायच्या आत कॉम्प्युटरने जागा संपल्याचं जाहीर केलं. जागा करायला म्हणून मी भराभर फायली उडवल्या. त्यात माझ्या लग्नाचे निम्मे फोटो गेले. आता आमच्या लग्नात मी आहे, भटजी आहेत, पण नवरी नाही. बायको, वर्षा, चार दिवस माझ्याशी फक्त मुलीमार्फत बोलत होती.

तिसरं फुकटातलं होतं. ते दोन मिनिटांनी आपोआप थांबायचं. बाबा नेहमी तिसऱ्या मिनिटाला पहिले येत.

चौथं मात्र हलकं, चित्र स्वच्छ, फाईल लहान. ते सुरू करताना त्याने मला बरेच प्रश्न विचारले. हे पाहिजे का, ते पाहिजे का, असे बारीक बारीक चौकोन. मला एकाचाही अर्थ लागला नाही, म्हणून दिसेल त्या चौकोनात टिक मारली. (ती मतपत्रिका असती तर माझं मत बाद झालं असतं.) रविवारी सकाळी बाबा खेळले, जिंकले. दुपारी आई झोपली होती म्हणून मी स्पीकर बंद ठेवूनच ते तपासलं. झकास! बाबांनी स्वतः जाऊन सत्तारभाऊंना निमंत्रण दिलं.

चार वाजता बैठकीत मेळावाच भरला. सत्तारभाऊ, त्यांच्या घरच्या रेहानाभाबी, गल्लीतली पाच-सहा माणसं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी प्ले दाबलं, स्पीकर मोठा केला आणि चहाचा ट्रे आणायला आत गेलो.

गाडी सुटली. पण इंजिनाच्या जागी पहिल्यांदा आला तो आमच्या कूलरचा आवाज. मग कुकरची शिट्टी. मग आईचा आवाज, "पाय माय, सांबाराची जुडी पुन्हा सडकीच आणली यानं!" लोक हसले. मला कळेना, आई तर बाहेर बैठकीत बसलीय, मग बोलतंय कोण? आणि एकदम आठवलं. पुण्याच्या बहिणीशी बोलायला आणलेला माइक स्वयंपाकघराच्या दारापाशी खिळ्याला लटकत होता. त्या चौकोनांपैकी एक चौकोन त्याचा होता!

पुढचा आवाज वर्षाचा होता. "अहो, पण बाबा रोजच कसे जिंकून राह्यले?"

आणि मग माझा, खणखणीत. "हळू बोल! मी गेम सगळ्यात सोपा करून ठेवलाय. त्यात गाय सोडली तरी तीही पहिली येईल. बाबांना सांगू नको. आणि सत्तारभाऊंना काय कळतंय? त्यांना पँटचे दोन पाय सारखे कापता येत नाहीत..."

मी ट्रेसकट धावलो. कूलरच्या पाइपात पाय अडकला. आठ कप चहा सत्तारभाऊंच्या पाठीवर! मी जमिनीवरूनच बघितलं, बाबांची मान खाली गेली होती. आणि स्पीकरमधला मी अजून बोलतच होतो.

तेवढ्यात खट्ट झालं. स्क्रीन काळी. पंखा बंद.

"गेली लाइन!" सत्तारभाऊ दाराजवळून म्हणाले. त्यांची पाठ चहाने भिजलेली, हात मात्र वर, मेन स्विचच्या पेटीशी.

शेजारच्या घरचा कूलर जोरात चालू होता. "ये बिजलीवाले भी ना!" रेहानाभाबी म्हणाल्या.

"जेवढं पाह्यलं तेवढं बस आहे," सत्तारभाऊंनी निकाल दिला. "वामनभाऊ पैले आले. मी मानलं." आणि त्यांनी एकेकाला चपला घालायला लावून बाहेर काढलं.

सगळे गेल्यावर बाबा उठले, मेन स्विच वर केला आणि म्हणाले, "सत्तार, चाळीस वर्षं मशीनीवर काढले मी. बटनाचा आवाज मले समजते."

सत्तारभाऊ शर्ट पिळत उभे. मी मेल्याहून मेलेला. बाबांनी माझ्याकडे बघितलं. आता कानाखाली बसते, असं मला वाटलं. (बत्तिसाव्या वर्षीही तयारी असावी लागते.) पण ते खुर्चीत बसले आणि विचारलं, "सगळ्यात कठीण कुठी असते?"

मी लावून दिलं. बाबांची गाडी पहिल्याच वळणावर समुद्रात. "सरका," म्हणत सत्तारभाऊ बसले. त्यांची तर वळणापर्यंतही पोचली नाही. पुन्हा बाबा, पुन्हा सत्तारभाऊ. दोन्ही म्हातारे डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होते आणि आळीपाळीने बुडत होते.

मला अपराधी वाटत होतं, पण तितकाच माझ्यातला जाणकारही जागा झाला. "असं नाही बाबा, द्या इकडे. वळणाआधी ब्रेक मारायचा असतो. बघा, मी दाखवतो."

"दाखव," बाबा म्हणाले आणि त्यांनी हळूच वर्षाकडे बघितलं. वर्षाने त्याहून हळूच रेकॉर्डिंग सुरू केलं.

त्या रेकॉर्डिंगची सीडी अजून आमच्याकडे आहे. पाहुणे आले की चहाबरोबर लावली जाते. चित्र आरशासारखं स्वच्छ. आवाज असा, की "आता नीट लक्ष द्या" म्हणत मी नऊ वेळा समुद्रात जातो, त्यातला शब्दन् शब्द ऐकू येतो. सॉफ्टवेअर निवडावं, तर ते माझ्यासारख्या जाणकारानेच!