खड्ड्यातलं निळं पाणी

सन १९७४, श्रावणातला रविवार. हजर: मी, आमचे हे, आणि भिंतीपलीकडचे कारखानदार याकूबभाई. आपण हजर आहोत हे याकूबभाईंना बऱ्याच उशिरा कळलं.

भिवंडीतल्या आमच्या यंत्रमागांच्या खाली तळघर होतं आणि तळघरात सुताच्या गोण्या. बांधतानाच गवंड्याने तळघराची जमीन एका कोपऱ्याकडे उतरती ठेवून तिथे गुडघाभर खड्डा करून दिला होता. त्या रविवारी पाणी खड्डा सोडून गोण्यांखालच्या फळ्यांना लागलं. सूत भिजलं की सोमवारी सगळे माग बंद. मोटर सकाळपासून उपसत होती आणि खड्डा काही रिकामा होत नव्हता.

"या खड्ड्यातूनच पाणी येतंय," मी म्हणाले. "सिमेंटने बुजवून टाका."

"अगं, खड्ड्यातून नाही, खड्ड्यात येतंय. पावसात जमिनीखालचं पाणी चढतं. ते एका जागी जमावं म्हणून तर खड्डा. तिथून मोटर उचलते आणि बाहेर टाकते. बुजवलास तर तेच पाणी सगळीकडून वर येईल."

हे पटलं. पण मग उपसूनही संपत नाही इतकं पाणी येतं कुठून? (माझा कामाचा क्रम ठरलेला असतो: आधी संशयित, मग पुरावा.) खड्ड्यामागची भिंत पाझरत होती, आणि भिंतीपलीकडे याकूबभाईंची मोरी.

"त्यांनी मोरी आपल्याकडे सोडलीय."

"याकूबभाईंनी? परवा आपला फ्यूज उडाला तेव्हा जे वायर देऊन गेले, त्यांनी?"

"वायर देताना तळघर बघून गेले."

कपड्यांच्या निळीची पुडी कमरेला खोचून मी पलीकडे गेले.

"याकूबभाई, जरा हात धुवायचे होते."

"धुवा की वहिनी. तुमच्याकडचं पाणी गेलं काय?"

"गेलं असतं तर बरं झालं असतं," मी त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाले.

अर्धी पुडी मोरीत ओतली, वरून बादलीभर पाणी सोडलं आणि तळघरात येऊन खड्ड्यावर वाकले. पाणी गढूळच. आणखी वाकले. उरलेली अर्धी पुडी कमरेतून सुटून खड्ड्यात!

"झाला पुरावा," हे म्हणाले. मोटर निमूटपणे निळं पाणी उचलून बाहेर टाकत राहिली.

थोड्या वेळाने भिंतीतून निळी धार लागली.

"अहो, आलं! त्यांच्या मोरीतलं आलं!"

माझा आवाज ऐकून याकूबभाईच धावत खाली आले. आधी धार पाहिली, मग माझे हात.

"वहिनी, हात धुवायला आलेल्या ना? मग निळे कसे झाले?"

"ते राहू द्या. ही तुमच्या मोरीतली नीळ."

"माझ्या मोरीत नीळ टाकली कोणी?"

मी हात पदराआड घेतले.

ते बाहेर जाऊन बघून आले. "माझ्या मोरीचं निळं पाणी सरळ रस्त्याच्या गटारात चाललंय. तुमच्या मोटरचा पाइप मात्र तुमच्याच भिंतीच्या बुडाशी पाणी सोडतो. तेच मुरून परत आत येतंय." म्हणजे मोटर सकाळपासून एकच पाणी गोल फिरवत होती. "पाइप एवढा आखूड कापायला कोणी सांगितलं?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, गरजच नव्हती. गटारापर्यंत पाइप नेला तर रस्त्यावर कुणीतरी कापून नेईल, हा संशय माझाच होता.

मोटर बंद केली. तिघांनी बादल्या भरभरून पाणी गटारात नेऊन ओतलं, तेव्हा कुठे फळ्या उघड्या पडल्या. सूत वाचलं. एका गोणीला तेवढा खालून निळसर काठ आला.

सोमवारी माग चालले आणि याकूबभाईंनी गटारापर्यंत पुरेल असा पाइप पाठवून दिला. कोरा, एक भोक नाही, आणि पैसेही नकोत म्हणाले. तो जोडायचं काम तेवढं राहिलंय. तो अजून भिंतीला टेकून उभा आहे. इतका चांगला पाइप फुकट देण्यात त्यांचा डाव काय, ते एकदा कळू द्या. त्याच दिवशी जोडून टाकते.