मोराग यांचा आवाज आणि माझे पाय

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याखाली रबरी हातोडीने टकटक केलं. पाय हलला नाही. दुसऱ्या पायावर केलं, तोही हलला नाही. मग त्यांनी हातोडी खिशात टाकली आणि खुर्ची ओढून माझ्या पलंगाशी बसले. डॉक्टर उभ्याने बोलत असतात तोवर ठीक असतं, ते बसले की काहीतरी आहे, हे मला तेव्हा समजलं.

"गीयाँ-बारे सिंड्रोम," ते म्हणाले. "आम्ही जीबीएस म्हणतो."

आपल्या अंगातली प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच नसांवर चाल करते. नसांवरचं आवरण खराब होतं आणि मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही. सुरुवात पायांपासून होते आणि मग ते वर चढत जातं. बहुतेक जण यातून बरे होतात, पण वेळ लागतो आणि त्याआधी आणखी बिघडू शकतं, असं त्यांनी सांगितलं. छातीपर्यंत चढलं तर श्वासाला यंत्र लावावं लागेल, हेही त्यांनी लपवलं नाही.

मी मान हलवली. त्यांनी विचारलं, "म्हणजे कळलं, की नाही कळलं?" आपली मान हलवण्याची तऱ्हा इथल्या लोकांना उमगत नाही.

मी मंजिरी. माहेर नाशिकचं. आयर्लंडमध्ये येऊन आता सात वर्षं झाली. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात काम करते. नवरा निखिल डब्लिनला नोकरीला जातो, मुलगी ईरा तिसरीत आहे आणि आम्ही डब्लिनजवळच्या नावन गावात राहतो. हे लिहितेय ते अशासाठी, की परदेशात एकटं आजारी पडण्याची पाळी कोणावर आली, तर त्यांना थोडी कल्पना असावी.

सुरुवात पोट बिघडण्यापासून झाली. ते दोन-चार दिवसांत थांबलं. पुढे आठवड्याभराने तळपायांना मुंग्या यायला लागल्या. जीपी, म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर, यांना मी इंग्रजीत सांगितलं की मला 'वीकनेस' आहे. आपल्याकडे वीकनेस म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. त्यांना वाटलं, बाई दमली आहे. नोकरी, मूल, झोप कमी. त्यांनी रक्त तपासलं आणि विश्रांती घ्यायला सांगितलं. 'माझ्या पायांतली ताकद जातेय' एवढं साधं वाक्य मला त्या दिवशी सुचलं नाही.

दोन दिवसांनी घरच्या जिन्यावर माझा गुडघा मुडपला आणि मला उठता येईना. ईरा वरून धावत आली. "आई, आर यू ग्रँड?" तिने विचारलं. ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत ठीक. मी हो म्हटलं आणि पायरीवरच बसून राहिले, निखिल येईपर्यंत.

इमर्जन्सीत एक अख्खा दिवस स्ट्रेचरवर गेला. मग लंबार पंक्चर झालं. यात कुशीवर निजवून, पाठीच्या खालच्या मणक्यांमध्ये सुई घालून थोडं पाणी काढतात. वाटतं तेवढं दुखत नाही, पण नंतर डोकं फार दुखतं. एका तपासणीत नसांना विजेचे बारीक झटके देऊन त्यांचा वेग मोजला. त्यानंतर ते हातोडीवाले डॉक्टर आले.

मला न्यूरॉलॉजी वॉर्डात नेलं. सहा पलंग, प्रत्येकाभोवती निळा पडदा, खिडकीतून दिसणारी गाड्यांची रांग आणि पाऊस. माझ्या हाताला इम्युनोग्लोब्युलिन लावलं होतं. हजारो लोकांनी रक्तदान केलेलं असतं, त्यातून काढलेल्या चांगल्या प्रतिपिंडांचं ते औषध. बाटलीकडे बघत मी पडून राहायची. हॉस्पिटल घरापासून लांब होतं. निखिल ईराला शाळेतून घेऊन, तिला शेजाऱ्यांकडे सोडून यायचा आणि तासाभरात निघायचा. माझ्या आईला व्हिसा मिळत नव्हता. व्हिडिओ कॉलवर मी फोन असा धरायची की फक्त चेहरा दिसावा. चौथ्या दिवसापासून फोनही धरता येईना. हातात तेवढी ताकद उरली नव्हती.

जेवण आणणारी बाई फार प्रेमळ होती. "आज तुझ्यासाठी करी आहे हं," ती मुद्दाम सांगायची. मला वरणभात हवा असायचा. मी थँक्यू म्हणायची.

शेजारच्या पलंगावर मोराग होत्या. साठी उलटलेली, लहानखुरी बाई, एक पापणी अर्धी मिटलेली. त्यांना मायस्थेनिया ग्रॅव्हिस होता. यातही नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. सकाळी स्नायू ताजे असतात आणि दिवसभर वापरून वापरून थकतात. त्यामुळे मोराग सकाळी खणखणीत बोलायच्या आणि संध्याकाळी त्यांचे शब्द घसरायला लागायचे.

खणखणीत असले तरी पहिले दोन दिवस मला त्यांचा एक शब्द कळला नाही. त्या स्कॉटलंडच्या, डंडीच्या होत्या. त्यांनी एकदा "वी टी" हवा म्हटलं. 'वी' म्हणजे त्यांच्याकडे लहानसं, छोटंसं. पण इंग्रजीत लघवीलाही 'वी' म्हणतात, म्हणून मला वाटलं त्यांना लघवीला जायचंय. मी कशीबशी बेल दाबली आणि नर्स बेडपॅन घेऊन हजर झाली. मोराग यांनी बेडपॅनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "यात चहा नको."

किती दिवसांनी मी हसले.

त्यांचा नवरा आयरिश होता, तीन वर्षांपूर्वी गेला. मूलबाळ नाही. लग्नानंतर नवऱ्याच्या गावात त्यांची सगळी हयात गेली, तरी तिथे त्यांना अजून 'ती इंग्लिश बाई' म्हणतात. त्या सांगायच्या, "मी इंग्लिश नाही असं म्हटलं की लोक म्हणतात, तेच ते. इंग्लंडची राणी वारली तेव्हा शेजारीण केक घेऊन माझ्या सांत्वनाला आली. बिचारीने इतक्या मनापासून आणला होता, मी काय सांगणार. बसून दोघींनी खाल्ला."

आम्हा दोघींना दिवसातून अनेकदा एका नळीत जोरात फुंकावं लागायचं. छातीचे स्नायू किती काम करताहेत ते त्यावरून समजतं. कोणाचा आकडा जास्त, यावर आमची चुरस चालायची. दिवस त्यावर निघायचे.

एका दुपारी डॉक्टर पाहून गेले. पायांत काहीच फरक नव्हता. मी छताकडे बघत होते. तेव्हा मोराग हळूच म्हणाल्या, "आय डाउट यू'ल बी होम बिफोर मी, हेन." हेन म्हणजे पोरी. तेवढं मला आता कळत होतं. बाकीचं तर सरळ इंग्रजी होतं. मी त्यांच्याआधी घरी जाईन याची त्यांना शंका होती.

मी नर्सला मधला पडदा ओढायला सांगितला.

पुढचे दोन दिवस मी पडदा उघडू दिला नाही. मोराग यांनी एकदा-दोनदा हाक मारली, मी झोपेचं सोंग घेतलं. आजारी माणसाला एकेक वाक्य किती पुरतं, हे निरोग्याला कळत नाही. मी ते वाक्य मनात उलटसुलट केलं. मला वाटलं, डॉक्टर बोलत नाहीत ते हिने बोलून दाखवलं. निखिलला मी हे सांगितलं नाही. तो आधीच खचला होता.

पण पडद्याने आवाज अडत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळी, मोराग नर्सशी बोलत होत्या आणि त्यांचा आवाज नाकातून येत होता. शब्द एकमेकांना चिकटत होते. संध्याकाळचा आवाज, सकाळी. मग ठसका लागला. मग पुन्हा.

नर्स त्या दिवशीच दुसऱ्या वॉर्डातून आली होती. मी तिला हाक मारली आणि मोराग यांचं बोलणं बरोबर वाटत नाही असं सांगितलं. ती गोड बोलून म्हणाली, "स्कॉटिश आहेत ना त्या. मलाही अर्धं कळत नाही."

"हा त्यांचा ॲक्सेंट नाही," मी म्हणाले. "मी आठवडाभर त्यांना ऐकतेय. सकाळी त्या अशा बोलत नाहीत. त्यांना गिळता येत नाहीये. प्लीज, फुंकायची नळी आणा."

इतकं स्पष्ट मी आजारी पडल्यापासून स्वतःसाठीसुद्धा बोलले नव्हते. नर्स पडद्याआड गेली. नळी फुंकल्याचा आवाज आला, इतका क्षीण की मला वाटलं तो झालाच नाही. त्यानंतर पावलं वाढली. डॉक्टर आले, भूलतज्ज्ञ आल्या. पलंगाची चाकं सुटल्याचा खटका ऐकू आला आणि मोराग यांना अतिदक्षता विभागात नेलं.

नर्स नंतर माझ्याकडे आली. "तुम्ही बोललात ते बरं झालं," ती म्हणाली. केरळातून येऊन तिला वर्षच झालं होतं. तिचं बोलणं कोणाला कळत नाही म्हणून तिलाही दिवसातून दहादा पुन्हा सांगावं लागत असे. ती थोडा वेळ माझ्या पायांवर हात ठेवून उभी राहिली. मला तो स्पर्श कळत होता.

मग शेजारची जागा रिकामी राहिली. पडदा आता उघडा होता आणि पलीकडे फक्त पुसून ठेवलेलं टेबल दिसायचं. आजारपणातले सगळ्यात एकटे दिवस ते. फुंकायची नळी यायची तेव्हा माझा आकडा ऐकायला कोणी नसायचं. मी रोज विचारायची आणि रोज उत्तर मिळायचं, "शी'ज स्टेबल." स्थिर आहेत. यापलीकडे परक्या माणसाला सांगत नाहीत.

त्याच दिवसांत माझ्या उजव्या पायाचा अंगठा हलला. फिजिओथेरपिस्टने मला दोनदा हलवून दाखवायला लावला आणि टाळी वाजवली. मी पडल्या पडल्या रडले. कोणाला दाखवावं ते कळेना, म्हणून जेवण आणणाऱ्या बाईला दाखवला.

मोराग परतल्या तेव्हा मी आधाराने खुर्चीत बसू शकत होते. त्या आणखी लहान दिसत होत्या, घशात नळी राहून गेल्यामुळे आवाज घोगरा झाला होता. त्यांनी हात पुढे केला. मी धरला. दोघींच्याही हातात ताकद नव्हती.

"नर्सने सांगितलं मला," त्या म्हणाल्या. "माझा आवाज तू ओळखलास."

मी विचारून टाकलं. "त्या दिवशी तुम्ही म्हणालात, मी तुमच्याआधी घरी जाईन याची तुम्हाला शंका वाटते. असं का म्हणालात?"

त्यांना आधी काही आठवेना. मग त्यांनी डोळे मिटले. "अगं, आमच्याकडे 'आय डाउट' म्हणजे मला वाटतंय, बहुतेक तसंच होणार. तू माझ्याआधी घरी जाशील असं म्हणत होते मी." मग डोळे उघडून त्या म्हणाल्या, "आणि मला त्याचं वाईट वाटत होतं."

मी त्यांना सांगितलं, पडदा मी त्या वाक्यामुळेच ओढला होता.

"माझ्या नवऱ्यालाही हे कळायला वर्षं लागली होती," त्या म्हणाल्या. "मग तो लोकांना समजावून सांगायचा, ती असं म्हणतेय म्हणून. आता ते सांगायला कोणी नाही."

हॉस्पिटलातून मला पुनर्वसन केंद्रात पाठवलं. तिथे चार पायांच्या चौकटीला धरून उभं राहायला, मग वळायला, मग पायरी चढायला शिकले. या आजारात चांगला दिवस येतो आणि त्यामागून तितकाच वाईट येतो, त्याने घाबरू नका. वसंतात घरी आले तेव्हा हातात काठी होती. आजही डाव्या घोट्यात बधिरपणा आहे आणि संध्याकाळी मी लवकर थकते. डॉक्टर म्हणाले, एवढं बहुधा राहील. मी ते मान्य केलंय.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना माझं एकच सांगणं आहे. परक्या भाषेत आपला त्रास मोघम शब्दात सांगू नका. काय करता येत होतं आणि आता काय येत नाही, ते सांगा. पेला उचलता येत नाही, जिना चढता येत नाही, असं. आणि कोणाचं बोलणं मनाला लागलं तर पडदा ओढण्याआधी त्यांना एकदा विचारा.

उन्हाळ्यात मोराग यांनी घर विकलं आणि डंडीला बहिणीकडे जायचं ठरवलं. मला त्यांना एअरपोर्टवर सोडायला जायचंच होतं. आमच्या गावाहून एअरपोर्टला बस आहे. निखिल म्हणाला, मी सुट्टी घेतो, गाडीने सोडतो. मी नको म्हटलं. मोराग आणि मी बसनेच गेलो.

एअरपोर्टवर व्हीलचेअर घेऊन आलेल्या मुलाने मोराग यांना विचारलं, "सुट्टीला निघालात, की घरी?"

त्यांनी जरा विचार केला. "खरं सांगू, मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "बहिणीच्या मते मी आता आयरिश बोलते. तिथल्या दुकानात मला विचारतात, फिरायला आलात का."

मी त्यांच्या खांद्यावरची शाल नीट केली. त्या म्हणाल्या, "फोन करशील ना. मी हळू बोलेन."

"हळू नको," मी म्हणाले. "तुम्ही बोलता तसंच बोला."

त्या आत गेल्या. दार मिटेपर्यंत मी उभी होते.

आजारानंतर बसने एकटी परतण्याची ती पहिलीच वेळ. बस आली. मी दारात थांबून ड्रायव्हरला म्हटलं, "माझ्या पायांत ताकद कमी आहे. मी हळू चढते. मी बसेपर्यंत गाडी सोडू नका." त्याने मान डोलावली आणि मागच्या लोकांना थांबायला सांगितलं. मी काठी टेकत खिडकीशी जाऊन बसले, तेव्हा त्याने आरशातून पाहून गाडी सोडली.

बाहेर बारीक पाऊस सुरू झाला होता. शेजारची जागा रिकामी होती. मी पिशवी तिथे न ठेवता मांडीवर घेतली. कोणाला बसायचं असलं तर बसू दे.