मामांनी न टाकलेला शब्द

पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले आवक-जावक कारकून, म्हणजे आपले मामा, हे काही मोठं प्रस्थ नव्हतं. पण गल्लीत कुणाच्या पोराला शाळेत प्रवेश हवा असो की कुणाच्या सासूला दवाखान्यात खाट हवी असो, मामांचं वाक्य ठरलेलं: "थांबा, मी शब्द टाकतो." आता हा शब्द पडायचा कुठे आणि पडल्यावर त्याचं व्हायचं काय, हे देवालाच ठाऊक. काम झालं तर मामांमुळे झालं. नाही झालं तर शब्द जरा उशिरा पडला! लोक गालातल्या गालात हसायचे. मामा मात्र हसत नसत. ओळखीशिवाय पान हलत नाही यावर त्यांचा पक्का विश्वास होता, आणि त्याला कारणही तसंच होतं.

त्यांची स्वतःची नोकरी वशिल्याची. विशीतलं पोर मुलाखत देऊन आलं, आणि नेमणुकीचं पत्र ज्या दिवशी घरी पोचलं त्या संध्याकाळी मामांचे काका दारात हजर. "मीच शब्द टाकला होता साहेबांकडे. म्हटलं, आमच्या पोराकडे जरा बघा." झालं! काका जिवंत होते तोवर त्यांच्या घराला रंग द्यायला मामा आणि त्यांना डॉक्टरकडे न्यायला मामा. तेही एकवेळ ठीक. पण कचेरीतसुद्धा हा माणूस जन्मभर अंग चोरून वावरला. हातातोंडाशी आलेली बढती दुसऱ्यालाच मिळाली, तेव्हा मामी म्हणाल्या, "अहो, जाऊन विचारा तरी!" मामा म्हणाले, "आपण मागच्या दारानं आलोय. कुठल्या तोंडानं विचारू?" मामी पुन्हा त्या विषयावर बोलल्या नाहीत, अगदी देवाघरी जाईपर्यंत.

आणि अशा मामांच्या नशिबी भाची आली ती ठमी. धाकट्या बहिणीची एकुलती एक लेक, इंजिनिअरिंगला, नाकासमोर चालणारी आणि वाटेत भिंत आली तर भिंतीशी भांडणारी. शेवटच्या वर्षाआधी इंटर्नशिप सक्तीची होती. वर्गातल्या बाकीच्यांनी कुणाच्या काकाची कंपनी, कुणाच्या मावसभावाचं ऑफिस असं पटापट धरलं. ठमीला मात्र पाणी खात्यातच जायचं होतं. कॉलेजातले सर म्हणाले, "सरकारी ठिकाणी मुलांना कोण उभं करतं?" ही ऐकते कसली! रोज सकाळी दात घासता घासता एका हातानं खात्याचं संकेतस्थळ उघडायची. आणि एके दिवशी निविदांच्या ढिगाखाली, 'इतर सूचना' नावाच्या कोपऱ्यात तिला ते सापडलं. विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी इंटर्नशिप, जागा दोन.

मग काय विचारता! कॉलेजचा दाखला, प्राचार्यांचं पत्र, त्यावर सही, सहीवर शिक्का, आणि शिक्का ज्या कपाटात त्याची किल्ली घेऊन कारकूनबाई रजेवर. ठमी त्यांच्या घरी जाऊन किल्ली घेऊन आली. शेवटी राहिलं एक पान: 'आपल्याला या खात्यात काम का करायचे आहे?' तिनं ते लिहिलं आणि मामांपुढे धरलं. खात्यात उभं आयुष्य गेलेला घरात तोच एक माणूस.

मामांनी चष्मा लावला, वाचलं, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पोरीनं लिहिलं होतं, 'आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेली पाइपलाइन खाते वरचेवर दुरुस्त करते आणि ती पुन्हा त्याच जागी फुटते. ती तिथेच का फुटते हे मला समजून घ्यायचे आहे.'

"अगं बये, त्यांच्याच दारात जाऊन त्यांचीच खोड काढतेस?"

"खोड कसली? फुटते ना ती?"

"फुटते! पण असं लिहायचं नसतं. लिही, मी होतकरू व कष्टाळू विद्यार्थिनी असून आपल्या नामांकित खात्यात..."

"मामा, असं सगळेच लिहितात. मला घेतलं तर ह्याच्यासाठी घेऊ दे, नाहीतर नको."

आणि मामांच्या डोळ्यांदेखत तिनं अर्ज पाठवूनसुद्धा दिला. मामांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. पोरीनं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. वर्ष अडकणार, आणि बहीण म्हणणार, दादा, तू इतकी वर्षं तिथे होतास ना रे? मग ठमीला मुलाखतीचं बोलावणं आलं, तर मामांना वाटलं, हिला झापायलाच बोलावलंय. आता शब्द टाकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि मामांच्या माहितीत खरा वजनदार माणूस एकच, त्यांचे जुने मोठे साहेब. ज्यांनी काकांचा शब्द ठेवला होता तेच.

साहेब आता चांगलेच थकले होते. गॅलरीत बसून स्वतःचे बूट पॉलिश करत होते, जायचं कुठे नसताना. मामा खुर्चीच्या अगदी कडेवर टेकले आणि चाचरत सगळं सांगून मोकळे झाले.

"साहेब, तेव्हा तुम्ही आमच्या काकांचा मान राखलात. माझं घर उभं राहिलं. आता भाचीसाठी..."

साहेबांचा ब्रश थांबला. "कुणाचा मान? तुमच्या काकांना मी चांगला झापून बाहेर काढला होता."

"पण साहेब, मला नोकरी तर लागली!"

"अहो, त्यांच्या पायी तुमचं नावच खोडणार होतो. वशिला आणणारं पोर नको म्हटलं. मग मुलाखतीत मी सगळ्यांना विचारलं, निनावी तक्रार आली तर काय कराल? कुणी म्हणालं, फाडून टाकू. कुणी म्हणालं, वर पाठवू. तुम्ही म्हणालात, आधी वाचीन साहेब, नाव लिहायला विसरला असेल, पण पाणी तर येत नसेलच ना त्याच्याकडे. म्हटलं, हा पोरगा आपल्याला हवा." साहेबांनी बूट खाली ठेवला. "तुम्हाला आठवत नाही?"

मामांना खरंच आठवत नव्हतं. त्यांना आठवत होता तो काकांच्या घराचा रंग, ती गेलेली बढती आणि मामींचा पडलेला चेहरा. बाई सांगत होती, जाऊन विचारा. काकांचा त्यांना असा संताप आला की समोर असते तर वय बघितलं नसतं.

साहेब म्हणाले, "आज तिथे जो बसलाय तो माझ्या हाताखाली शिकलाय. आजवर मी कुणासाठी फोन केला नाही. पण तुम्ही पहिल्यांदाच काही मागताय. बोला, करू?" आणि त्यांनी फोन हातात घेतलासुद्धा.

मामांच्या जिभेवर 'हो' आलं होतं. जागा दोनच, आणि पोरीनं तो तसला अर्ज लिहिलेला. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबले. "नको साहेब," ते म्हणाले, "राहू द्या."

रस्त्यावर आल्यावर मामा दोनदा साहेबांच्या दाराकडे वळले आणि दोनदा माघारी फिरले. आपण शहाणपण केलं की पोरीचं वाटोळं केलं? मुलाखत झाली. ठमी घरी येऊन म्हणाली, "सगळा वेळ त्या पाइपलाइनवरच बोलत होते." चांगलं की वाईट, तिलाही कळलं नव्हतं. निकाल लागेपर्यंत मामा ताटावर बसायचे आणि उठायचे. बहिणीनं विचारलं, "दादा, शब्द टाकलास ना रे?" तर म्हणाले, "आज भाजी झकास झालीय."

आणि एका दुपारी ठमी जिना धडधडत वर आली. हातात फोन, केस पिंजारलेले. "मामा, झालं!" मामा उठून उभे राहिले, पण ती जागीच थबकली. तिचा चेहरा उतरला.

"मामा, खरं सांग. तू कुणाकडे शब्द टाकलास?"

"नाही टाकला."

"माझी शपथ?"

"तुझ्या गळ्याची शपथ. टाकायला गेलो होतो, पण तसाच परत आलो."

पोरीनं अशी किंकाळी फोडली की खालच्या मजल्यावरचे लोक बाहेर आले. "म्हणजे माझं मीच मिळवलं! मामा, माझं मी!" ती खोलीभर नाचली, आणि मामा तिच्या त्या ताठ मानेकडे बघत राहिले. मग धपकन खुर्चीत बसले, चष्मा काढला आणि डोळे पुसायला लागले.

"अरे, रडतोस काय? मिळाली ना मला!"

"तुझ्यासाठी नाही गं," मामा म्हणाले. "ठमे, माझी नोकरीसुद्धा मीच मिळवली होती. आणि तुझ्या मामीला सांगायचं राहिलं."